आतून उगवणारा खिळा

तिचं कामच फोडण्याचं होतं, आणि ते ती मन लावून करायची.

बॅटरीच्या प्रयोगशाळेच्या मागच्या आवारात, सगळ्या इमारतींपासून फटकून एक काँक्रीटची खोली होती. भिंती हातभर जाड, एक छोटीशी खिडकी, तिला तीन पदरी काच. आत एक दाबयंत्र. त्याच्या टोकाला करंगळीएवढा जाड पोलादी खिळा बसवायचा, खाली शिकंज्यात सेल आवळायचा, बाहेर येऊन दार लावायचं आणि बटण दाबायचं. खिळा सेलच्या पोटात घुसला की सेल आधी फुगायचा, मग फुसफुसायचा, पांढरा धूर ओकायचा आणि मग त्याच्या तोंडातून आगीची जीभ लपकन बाहेर यायची. कधी सेल शिकंजा तोडून भिंतीवर आदळायचा. ती काचेला नाक लावून बघत राहायची. आगीत काय पडलंय, किती उडालं, कुठल्या बाजूनं फाटलं, हे तिला कॅमेऱ्याच्या आधी कळायचं.

सेल ठेचायचे, भट्टीत भाजायचे, उंचावरून आपटायचे, गरजेपेक्षा जास्त चार्ज करून फुगवायचे. लोकांच्या हातात, गाडीत, उशाशी जायच्या आधी त्यांचे जेवढे हाल करता येतील तेवढे करून बघायचे. असल्या कामाला असलंच माणूस लागतं, असं सगळे म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. बाकी सगळ्यांसाठी ती काडतूस.

नाव घरातूनच आलं होतं. वडील गेल्यावर आईनं दुसरं लग्न केलं. त्या माणसाचा हात लगेच उठायचा. आईवर उठायचा, थोरलीवर, म्हणजे हिच्यावर, उठायचा, ते चाललं. एका दुपारी त्यानं धाकट्या बहिणीला केसाला धरून जिन्यावरून ओढत खाली आणलं. थोरली तेव्हा शाळकरी. तिनं जिन्याखालचा लोखंडी पाना उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू गेला म्हणतात. माणूस विव्हळत निघून गेला तो परत आला नाही. शेजारीण म्हणाली, "पोरगी नाही, काडतूस आहे हे!" ते चिकटलं.

पण तो माणूस गेला, तरी घरातला मार गेला नाही. आई दिवसभर कामावर. धाकटीला वाढवायचं थोरलीच्या अंगावर पडलं, आणि थोरलीला वाढवायची एकच रीत ठाऊक होती. गणित चुकलं की धपाटा. उशिरा आली की धपाटा. एकदा भिरकावलेला कंपासपेटीचा डबा धाकटीच्या भुवईत घुसला. तिथं अजून केस उगवत नाहीत. पुढं धाकटी शिकत शिकत मोठी रसायनशास्त्रज्ञ झाली, तेव्हा लोक म्हणायचे, "ताईच्या माराचं सोनं झालं हो!" धाकटी शांतपणे म्हणायची, "ताईच्या मारामुळे नाही शिकले. ताईचा मार खाऊनसुद्धा शिकले."

ती त्याच प्रयोगशाळेत आली. आता धाकटी पुढच्या इमारतीत सेल बनवायची आणि थोरली मागच्या खोलीत ते फोडायची. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या. विभागाच्या प्रमुखबाई थट्टेनं म्हणायच्या, "एकीनं रांधायचं, दुसरीनं उलथायचं. बरं चाललंय तुमचं."

धाकटीचा सेल साधा नव्हता. नेहमीच्या सेलमध्ये लिथियम कोळशाच्या थरांत, खोल्याखोल्यांतून मुकाट्यानं बसलेलं असतं. धाकटीनं तो कोळसा काढूनच टाकला होता. तिथं नुसता लिथियमचा पत्रा. कापल्या कापल्या चांदीसारखा चमकणारा, सुरीनं साबणासारखा कापता येणारा. वजन तेवढंच, दम दुप्पट. म्हणून सगळं जग त्याच्या मागं लागलेलं. आणि म्हणूनच सगळं जग त्याला टरकून.

"अडतंय कुठं मग?" काडतूसनं एकदा जेवताना विचारलं.

"परतताना अडतं," धाकटी म्हणाली. "बॅटरी वापरली की लिथियम मधला पडदा ओलांडून पलीकडं जातं. चार्ज केली की परत येतं. पण परत येताना सपाट बसत नाही. जिथं जरासा उंचवटा असेल तिथं ओढ जास्त, म्हणून सगळं तिथंच येऊन बसतं. मग तो उंचवटा आणखी वाढतो, त्याला आणखी ओढ. हळूहळू त्याचा काटा होतो. केसाहून बारीक. डेंड्राइट म्हणतात त्याला. तो पडद्यात घुसतो, पलीकडं टेकतो, की संपलं. सगळी वीज त्या एका काट्यातून धावते."

"आणि घाईघाईनं चार्ज केलं तर?"

"घाई केली की धक्काबुक्की. काटे जास्त, आणि ते भराभर वाढतात." धाकटीनं घास तोंडात टाकला. "तुझा खिळा बाहेरून येतो, ताई. माझ्या सेलला खिळा आतून उगवतो."

त्यावर धाकटीनं नवा पडदा बनवला. चिवट, जाडसर, तापला की मऊ होऊन भोक बुजवणारा. त्या पडद्याचे पहिले सेल मागच्या खोलीत आले, तेव्हा काडतूसनं ठेवणीतला नवा खिळा काढला. बटण दाबलं. खिळा आरपार गेला. धूर नाही, आवाज नाही. सेल खिळ्यावर तसाच लटकून राहिला, जरा कोमट.

तिनं दुसरा लावला. तिसरा तिरका लावला. मग चिडून एक दाबयंत्राखाली चपटा केला, एक भट्टीत भाजला, एक छतावरून खाली काँक्रीटवर फेकला. एकही पेटेना. घामानं निथळत ती पुढच्या इमारतीत गेली, धाकटीच्या पाठीत असा गुद्दा घातला की तिच्या हातातला चष्मा उडाला, आणि सगळ्यांसमोर ओरडली, "हरले! आमच्या छोटीच्या सेलपुढं मी हरले!"

त्यानंतर कितीतरी दिवस ती भेटेल त्याला हेच सांगत होती. फाटकावरच्या पहारेकरी मामांना तर तिनं इतक्यांदा सांगितलं की ते म्हणाले, "अगं, पाठ झालं मला. आता तू ऐक, मी सांगतो."

पण मूळचा खोडसाळपणा गप्प बसू देईना. सेल चार्ज व्हायला फार वेळ घ्यायचा. "अंगात रेड्याचं बळ आणि जेवायला अख्खा दिवस!" ती धाकटीला डिवचायची. "भित्रा आहे तुझा सेल. तुझ्यासारखा." धाकटी हसायची नाही. ती आतल्या आत ईर्ष्येला पेटणाऱ्यातली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाची सक्ती नव्हती. तिनं स्वतःच प्रमुखबाईंकडं जाऊन चार्जचा वेग वाढवायची परवानगी मागितली. बाई म्हणाल्या, "पडदा टिकलाय, करून बघ. पण काचेच्या बाहेरून."

पहिले काही दिवस सेल झकास चालले. धाकटी घरी येताना गुणगुणायला लागली होती.

ज्या दिवशी झालं, त्या दुपारी काडतूस आवारातल्या नळावर हात धूत होती. एक आवाज आला. आधी फुसफुस, मग धप्प. हा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. तिच्या खोलीत हाच तर रोज व्हायचा. पण आत्ता तिची खोली रिकामी होती.

ती धावली.

चार्जिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून पांढरा धूर जमिनीलगत वाहत बाहेर येत होता. आत मांडणीवर सेल ओळीनं लावलेले. एकाची तापमान मोजायची तार सुटली होती. ती चिकटवायला म्हणून, अगदी मिनिटभराचं काम म्हणून, धाकटी काच सोडून आत गेली होती. नेमका तोच सेल तिच्या हाताशी फुटला. त्याच्या झोतानं शेजारचा पेटला, त्यानं त्याच्या शेजारचा. आता ओळच्या ओळ फटाफट फुटत होती, कुणीतरी आतून गोळ्या झाडाव्यात तशी.

काडतूसनं दाराशेजारचा मुखवटा तोंडावर चढवला आणि आत शिरली. काही दिसत नव्हतं. तापलेलं टोपण उडून आलं आणि तिच्या कानाची पाळी घेऊन गेलं. तिला ते नंतर कळलं. धाकटी मांडणीखाली पालथी पडली होती. उजव्या हाताच्या मोज्यावर वितळलेलं लिथियम जळत होतं, डोळ्यांनी बघवणार नाही अशा लाल ज्वाळेनं. काडतूसनं तिचा डावा हात धरला आणि मागचापुढचा विचार न करता ओढला. खांद्यातून खटकन आवाज आला. धाकटी किंचाळली. म्हणजे जिवंत होती. थोरलीनं आणखी जोरानं ओढलं.

दाराशी पहारेकरी मामा उभे. दोन्ही हातांत भरलेली बादली, डोळ्यांत पाणी. "सरक पोरी, सरक!" म्हणत ते आत फेकायच्या बेतात. त्यांच्या पायाशी परात उलटली होती. उघडलेल्या सेलमधल्या लिथियमचे तुकडे तेलात बुडवून ठेवतात ती. तेल ओघळलं होतं आणि तुकडे उघडे पडले होते. त्यांच्यावर पाणी पडलं असतं तर दाराशी तिघांचाही कोळसा झाला असता. काडतूसच्या एका हातात बहीण, तोंडावर मुखवटा. तिनं दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि मामांच्या तोंडावर जीव खाऊन हाणली.

मामा बोळात आडवे झाले. बादली तुकड्यांपासून लांब, त्यांच्याच अंगावर सांडली. पुढचे दोन दात फरशीवरून घरंगळत गेले. मागून प्रमुखबाई कोरड्या भुकटीची नळकांडी घेऊन धावत आल्या आणि तुकड्यांवर, आगीवर, धाकटीच्या हातावर, सगळीकडं भुकटीचा मारा करत राहिल्या.

इस्पितळात धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. धुरानं छाती भाजलेली, आवाज गेलेला, खांदा बसवून बांधलेला. आई धापा टाकत आली. तिनं आधी खाटेवरच्या लेकीकडं बघितलं, मग कानाला पट्टी बांधून कोपऱ्यात उभ्या असलेल्या थोरलीकडं.

"काय केलंस तू तिला?" आई म्हणाली.

काडतूस बाहेर निघून गेली.

ती घरी गेली नाही. प्रयोगशाळेत गेली. धाकटीचे त्याच घाण्यातले उरलेले सेल कोठारात होते. ते सगळे तिनं टोपलीत भरले, मागच्या खोलीत नेले, आतून कडी लावली. एकेक सेल दाबयंत्राखाली ठेवायचा आणि दट्ट्या खाली आणायचा. खिळा नाही, बाहेर येणं नाही, काच नाही. "तू खातोस होय माझ्या बहिणीला? तू? ये!" सेल फुटत होते. तिच्या भुवया जळल्या, बाहीला आग लागली, ती तिनं थापट्या मारून विझवली आणि पुढचा सेल घेतला. बाहेरून प्रमुखबाई दारावर मुठी आपटत होत्या. टोपली रिकामी झाली तेव्हाच कडी उघडली.

बाई ओरडल्या नाहीत. आतल्या राखेकडं बघत म्हणाल्या, "त्यातला एक उघडून बघायचा होता. पहिला सेल का फुटला ते त्याच्या भावंडांनीच सांगितलं असतं. आता कुणाला विचारू?"

दुसऱ्या दिवशीपासून काडतूसला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

हे धाकटीला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढं तिला समजलं. ती इस्पितळात गेली आणि खाटेशेजारी उभ्या उभ्या सांगून टाकलं. धाकटीनं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं औषधाचा स्टीलचा ट्रे उचलून थोरलीच्या तोंडावर फेकला.

"तो तुला खाणार होता गं!" काडतूस म्हणाली. तिच्या गालावरून रक्त येत होतं.

"माझा होता तो!" धाकटीचा आवाज पत्रा घासल्यासारखा येत होता. "माझं मी बघितलं असतं. तू कधी विचारलंस? लहानपणी विचारलं नाहीस, आता विचारलं नाहीस. तुला राग आला की समोरचं मोडायचं, एवढंच येतं तुला. त्या माणसासारखं."

त्या माणसासारखं म्हटल्यावर आईसुद्धा उठून उभी राहिली. धाकटीला खोकल्याची ढास लागली, उशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, परिचारिका धावली. आईनं काडतूसला दंडाला धरून बाहेर काढलं. बोळात काडतूस भिंतीवर डोकं आपटायला लागली. आईनं मधे आपला तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला.

मधल्या काळात काडतूसनं एकच शहाणपणाचं काम केलं. मामांच्या घरी जाऊन आली. मामांच्या तोंडात खिंड पडली होती.

"मारलंस ते मारलंस," मामा म्हणाले, "तोंडानं सांगता आलं नसतं?"

"मुखवटा होता, मामा."

"मग लाथ घालायचीस. दात तरी वाचले असते." आणि मग तिचा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "बस. चहा घे. मला गारच प्यावा लागतो, तूही गार पी."

धाकटीचा फोन आला तेव्हा तिच्या हातावरची पट्टी अजून सुटली नव्हती. ती हालहवाल विचारायच्या भानगडीत पडली नाही. "एक सेल उरलाय. दुसऱ्या इमारतीत, थंड कपाटात होता. त्याच घाण्यातला, तसाच भरभर चार्ज केलेला. त्याची वीज आपोआप गळतेय. म्हणजे काटा टेकायला लागलाय. तो उघडायचाय."

"मग उघड."

"हाताला बोटं कुठायत? बाकीचे घाबरतात. तू घाबरत नाहीस. एवढंच कारण आहे, दुसरं काही समजू नकोस."

प्रमुखबाईंनी परवानगी दिली, पण स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. सेलमधली उरलीसुरली वीज आधी सावकाश काढून घेतली होती. तरी भरवसा नव्हता. सेल ग्लोव्हबॉक्समध्ये होता. म्हणजे हवाबंद काचेची पेटी, आत हवेऐवजी आर्गॉन वायू, आणि भिंतीतून आत गेलेले दोन लांब रबरी हातमोजे. काडतूसनं त्यात हात घातले. आयुष्यभर तिनं सेलना असा हात लावला नव्हता. हातातल्या कात्रीचं पातंही धातूचं नव्हतं, धातू टेकला तर त्यातून वीज धावेल म्हणून.

"कडेनं काप," धाकटी मागून म्हणाली. "हळू. अजून हळू. ताई, श्वास घे."

रबराच्या आत तिचे हात घामानं थबथबले. कड उसवली. आतली गुंडाळी तिनं चिमट्यानं उलगडायला घेतली आणि मधेच एक थर दुसऱ्याला टेकला. चुर्र झालं. चिमट्याखाली ठिणगी आणि भसकन धूर. पेटीत हवा नव्हती म्हणून ज्वाळा उठली नाही, पण गुंडाळी तिच्या बोटांत आगीसारखी तापली. तिचा सगळा देह ती वस्तू भिंतीवर भिरकावून द्यायला उसळला. खांदे उचलले गेले, दात आवळले गेले.

"सोडू नकोस," धाकटी म्हणाली. "फेकलंस तर फाटेल."

तिनं सोडलं नाही. रबरातून चटका बसत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. गुंडाळी थंड झाल्यावर तिनं ती एकेक पदर करत पसरली. कपडा घडी मोडून पसरावा तशी.

जो पत्रा चांदीसारखा असायचा, तो करडा-काळा पडला होता. शेवाळं धरल्यासारखा. पडद्यावर, एका कोपऱ्यात, सुईनं टोचल्याएवढा काळा ठिपका.

सूक्ष्मदर्शकाखाली तिघींनी तो पाहिला. पडद्याच्या त्या जागी बनवतानाच एक बारीकसा पोकळ बुडबुडा राहिला होता. जाडजूड खिळा आला की पडदा मऊ होऊन त्याच्याभोवती घट्ट बसायचा. पण हा काटा इतका बारीक होता की पडद्याला कळलंच नव्हतं. तो त्या बुडबुड्यातून आत शिरला होता, वाकला होता, परत सरळ झाला होता आणि पलीकडं पोचला होता. त्याच्या मागं लाखो काटे रान माजल्यासारखे उभे.

"माझी चूक," धाकटी म्हणाली. "घाई."

"मी डिवचलं."

"तू डिवचलंस. घाई मी केली. सगळंच तू ओढून घेऊ नकोस."

काडतूसला मागची खोली परत मिळाली नाही. सेल नासवल्याचा ठपका राहिला, आणि तो खोटाही नव्हता. पण आगीच्या बंबावरच्या माणसांना बॅटरीची आग कशी असते ते दाखवायला कुणीतरी हवं होतं. आता ती त्यांच्या मैदानावर सेल पेटवते आणि सांगते. कुठं पाणी मारायचं, कुठं भुकटीच, कधी नुसतं मागं सरायचं. ओरडून ओरडून सांगते. एकदा एका दांडग्या जवानानं ऐकलं नाही, तेव्हा तिची मूठ वळली. ती तिनं खिशात घातली आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं सांगितलं.

धाकटी त्या घरात परत आली नाही. प्रयोगशाळेजवळ खोली घेऊन राहते. आठ बोटांनी नवे सेल करते. काटे उगवू नयेत म्हणून आता ती ते दोन पोलादी पत्र्यांत दाबून ठेवते, सावकाश चार्ज करते. थोरलीला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि थोरलीनंही विचारलं नाही. सुटीच्या दिवशी फोन मात्र होतो.

"नवा कसा आहे?" काडतूस विचारते.

"मेला."

"फुटला?"

"नाही गं. आता फुटत नाहीत. लिथियमचे तुकडे सुटे होऊन आतच पडून राहतात, कामाचे राहत नाहीत. दमत दमत मरतात."

"मग आता?"

"आता दुसरा करायला घेतलाय. पत्र्यावरचा लेप बदलून बघतेय."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे," धाकटी म्हणते, आणि फोनमधून तिच्या कामाचे आवाज येत राहतात. दोघींपैकी कुणीच तो लगेच ठेवत नाही.